रिक्षावाल्या काकांनी काहीच केलं नव्हतं

"मग तुमचा निष्कर्ष काय?" असं मॅडमनी विचारलं आणि मी एका सेकंदात सांगून मोकळी झाले, रिक्षावाले काका. वहीत दोनदा अंडरलाइन पण करून ठेवलं होतं. मॅडम काही बोलल्या नाहीत, समोरचं पालथं ठेवलेलं कार्ड उचललं आणि वाचायला लागल्या. सोनू, वय ६, पहिलीत. शाळेच्या रिक्षात शेजारी बसणारा पाचवीतला मुलगा रोज तिचा डबा काढून घेतो. घरी सांगितलंस तर पाण्याची बाटली नाल्यात टाकीन म्हणतो. एकदा खरंच टाकली. रिक्षावाल्या काकांनी तिला काही केलेलं नाही, उलट त्या दिवशी त्यांनीच तिला स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायला दिलं.

संपलं कार्ड. म्हणजे वीस मिनिटांत मी जगातच नसलेल्या एका माणसाला पोक्सोखाली, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, आत टाकलं होतं, आणि ज्या पोराने खरंच त्रास दिला त्याचं नाव सुद्धा विचारलं नव्हतं.

तर हे होतं एक सिम्युलेशन ट्रेनिंग, लहान मुलांशी अशा नाजूक विषयावर बोलायचं कसं याचं. मी समुपदेशक आहे, नाशिककडे काम करते, चौदा वर्षं झाली. बाल कल्याण समितीकडून केस आली की सपोर्ट पर्सन म्हणून पण जाते, म्हणजे पोलीस स्टेशनपासून कोर्टापर्यंत त्या मुलाबरोबर राहायचं, घरच्यांना पुढे काय होणार ते समजावून सांगायचं. जबाब घेणं माझं काम नाही, ते पोलिसांचं. पण होतं काय की शाळेतून फोन येतो, बाई म्हणतात ही मुलगी काहीतरी विचित्र बोलतेय, जरा येता का, आणि मग पहिला कान आमचाच असतो. आणि पहिल्या कानाने जर भलतंच काही विचारलं तर पुढे कितीही हुशार अधिकारी येऊ देत, मूल तेच सांगतं जे आपण त्याच्या तोंडात घातलं. हे मला थिअरीत माहीत होतं बरं का! मी स्वतः त्यावर शिक्षकांची शिबिरं घेतली आहेत, स्लाइड्स आहेत माझ्याकडे, "सूचक प्रश्न टाळा" अशी एक लाल अक्षरातली स्लाइड पण आहे.

बॅचमध्ये आम्ही पाच जण. एक महिला पीएसआय, एक वकील, एक निवृत्त मुख्याध्यापिका ज्यांना सगळे बाईच म्हणायचे, नुकतीच एमएसडब्ल्यू झालेली एक पोरगी, आणि मी. घेणाऱ्या मॅडम पुण्याच्या, बोलायला कमी आणि लिहून घ्यायला जास्त.

सेटअप अगदी घरगुती होता. टेबलावर लॅपटॉप, त्यावर एका मुलीचं कार्टूनसारखं चित्र, डोळे मिचकावतं आणि तोंड हलवतं इतकंच. मॅडम पार्टिशनच्या मागे बसून मुलीच्या आवाजात उत्तरं द्यायच्या, तिथे त्यांच्याकडे कार्ड आणि एक फासा, आपला सापशिडीचा असतो तो. कार्डावर खऱ्या घटनेचे आठ तुकडे नंबर टाकून लिहिलेले. तुम्ही मोकळा प्रश्न विचारलात, म्हणजे "काय झालं ते सगळं सांग" किंवा "मग पुढे?", तर फासा टाकायचा, एक ते चार पडले की पुढचा एक खरा तुकडा मिळणार. हो-नाही वाला प्रश्न विचारलात तर विषम आकड्याला हो, सम आकड्याला नाही, खरं काय घडलंय त्याचा काही संबंध नाही. आणि उत्तर आत घालून विचारलंत, "काकांनी हात धरला ना तुझा?" असं, तर एक ते चारला हो. शिवाय एकदा हो म्हटलं की ते मूल त्याला धरून राहणार, पुढची उत्तरं त्याला जुळवून देणार.

फासा वगैरे नंतर कळलं, शेवटच्या दिवशी. आम्हाला वाटत होतं मॅडम मनाने उत्तरं देतायत.

ही कल्पना मुळात मॅडमची नव्हे. फिनलंडच्या ओबो अकादमी विद्यापीठात फ्रान्चेस्को पोम्पेद्दा, पेक्का सांतिला वगैरे मंडळींनी अशी अवतार-मुलं कॉम्प्युटरवर बनवली, २०१५ मध्ये त्यांचा पहिला पेपर आला. तिथे फासा नसतो, खरी मुलं कशी उत्तरं देतात याच्या अभ्यासावरून शक्यता ठरवलेल्या असतात आणि सॉफ्टवेअर उत्तर निवडतं. त्यांना सापडलेली मेन गोष्ट अशी की नुसते इंटरव्ह्यू घेत राहून माणूस सुधारत नाही. प्रत्येक इंटरव्ह्यूनंतर खरं काय होतं आणि तुमचा कुठला प्रश्न बरा, कुठला वाईट, हे सांगितलं तरच सुधारतो. नंतर एस्टोनियात पोलिसांना असं ट्रेनिंग दिलं तर त्यांच्या खऱ्याखुऱ्या इंटरव्ह्यूमध्येही फरक दिसला, २०२२ चा अभ्यास आहे तो. मॅडमनी तीच आयडिया उचलून मराठीत, कार्डावर आणि फाशावर आणली. जुगाडच, पण चालला.

असो. तर त्या पहिल्या दिवशी कार्ड वाचून झाल्यावर माझी प्रतिक्रिया काय असावी? खरं सांगते, मला सोनूचं काही वाटलं नाही, रिक्षावाल्याचं पण नाही. माझ्या डोक्यात एकच, की त्या पीएसआय मॅडम आणि ती नवी पोरगी मागे बसून ऐकत होत्या. कान गरम झाले. आणि मग मी बोलायला लागले. म्हटलं, मॅडम, खरी मुलं अशी नसतात. चेहरा दिसत नाही तर मी कसं ओळखणार. खरी मुलगी असती तर मी तिला मांडीवर घेतलं असतं, आधी चित्र काढायला दिलं असतं. आणि तुम्हीच तर हो म्हणालात ना मला, मी विचारलं काका ओरडतात का तर हो, हात लावतात का तर हो, मग मी काय समजायचं? मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या की रेकॉर्डिंग मेलवर पाठवते, घरी जाऊन स्वतःच्या हाताने लिहून काढा, शब्द न् शब्द, आणि तीन रंगात रंगवा.

रात्री मी नवऱ्याला सांगत होते, काय फालतू ट्रेनिंग आहे, कार्टूनशी बोलायचं म्हणे. तो म्हणाला मग जाऊ नको उद्या. त्यावर मी अजूनच चिडले.

लिहायला बसले रात्री साडेदहाला, पोरं झोपल्यावर. वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग लिहायला मला दोन तास लागले. ज्याने कधी स्वतःचं बोलणं असं लिहून काढलेलं नाही त्याला ही काय शिक्षा आहे ते कळायचं नाही. एकूण प्रश्न ५८. हिरवे, म्हणजे मोकळे, ७. कोण-कुठे-कधी वाले ८. हो-नाही वाले ३१. आणि लाल, म्हणजे उत्तर आत घातलेले, १२. आणि त्या बारापैकी नऊच्या शेवटी एकच अक्षर होतं. ना.

"रिक्षात भीती वाटते ना तुला?" "काका ओरडतात ना?" "आवडत नाही ना मग तुला ते?" मी आयुष्यभर मुलांशी अशीच बोलत आले आहे, आपण सगळेच बोलतो, जेवलास ना, अभ्यास झाला ना, शहाणी ना तू माझी. मराठीत ना म्हणजे माया असते, जवळीक असते. पण जबाबात ना म्हणजे हो म्हण असा हुकूम. सहा वर्षाच्या पोरीने मोठ्या माणसाच्या ना ला नाही म्हणायचं, हे आपल्या कुठल्या घरात शिकवलंय? मोठ्यांना उलट बोलू नये हेच शिकवलंय ना! (बघा, परत आलं.)

आणि मग चौथ्या मिनिटाला ती जागा आली. मी विचारते, रिक्षात बसायला का आवडत नाही गं. सोनू म्हणते, "मला नवी बाटली नको." आणि मी, हे मी परत परत ऐकलं, मी म्हणते, "बरं बरं, नको तर नको. मला सांग, काका कुठे बसवतात तुला, पुढे का मागे?"

तिने दिलं होतं सगळं. चौथ्या मिनिटाला. बाटली. नुसतं "बाटलीचं काय झालं, सांग मला" एवढं विचारलं असतं तर नाला निघाला असता, तो मुलगा निघाला असता. पण माझ्या डोक्यात काका बसले होते ना, कारण सेशनच्या आधी जी एक ओळीची माहिती मिळते त्यात लिहिलं होतं "मुलगी रिक्षात बसायला नकार देते, आईला रिक्षाचालकावर संशय". आईला संशय, मला खात्री. बाटली मला ऐकूच आली नाही. रेकॉर्डिंगमध्ये आहे, माझ्या कानात नव्हती.

मला त्या रात्री जे काही कळलं ते हे, की मी सोनूकडे जशी गेले तशीच त्या ट्रेनिंगलाही गेले होते. दोन्हीकडे उत्तर खिशात घेऊनच. सोनूच्या बाबतीत उत्तर होतं काका, आणि ट्रेनिंगच्या बाबतीत उत्तर होतं की मला येतं, फक्त सर्टिफिकेट घ्यायचंय. त्यामुळे सोनूची बाटली पण ऐकू आली नाही आणि मॅडमचं कार्ड पण.

आता याला माईंडसेट म्हणतात, म्हणजे एखादी गोष्ट उपजतच असते की शिकून येते याबद्दल माणूस काय धरून चालतो ते. मला तो शब्द ऐकला तरी कंटाळा येतो, मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक बाईंचं मूळ संशोधन राहिलं बाजूला आणि आपल्याकडे त्याचे व्हॉट्सॲप फॉरवर्ड झाले, शाळांच्या भिंतीवर रंगीत मेंदू काढून "मी करू शकतो" लिहिलेलं असतं, आणि खाली पोरांना ओणवं उभं केलेलं असतं. मॅडमनी पण त्यावर लेक्चर दिलं नाही, बरं झालं. फक्त पहिल्या दिवशी सकाळी एक कागद भरून घेतला होता, दहा वाक्यं, एक ते सहा आकड्यात किती पटतं ते सांगा. त्यात एक होतं, "मुलांशी बोलायची हातोटी उपजत असते, ती शिकवून येत नाही." मी त्याला पाच दिले होते. अभिमानाने. कारण लहानपणापासून सगळे म्हणतात, हिच्याकडे कुठलंही रडकं पोर द्या, गप्प होतं.

आता विचार करा, ज्या गोष्टीला मी उपजत समजते त्यात कोणी लाल रंग दाखवला तर तो प्रश्नावरचा लाल रंग राहत नाही, तो माझ्यावरचा होतो. स्वयंपाकात मीठ जास्त झालं तर मी म्हणते हो झालं जास्त, कारण स्वयंपाक मी शिकले आहे हे मला आठवतं, पोळ्यांचे नकाशे व्हायचे तेही आठवतं. पण मुलांशी बोलणं मी कधी शिकले असं मला आठवतच नाही. मग तिथे चूक झाली तर सापडायला जागाच नाही, एकतर कार्टून खोटं नाहीतर मी खोटी.

नव्या पोरीचं मात्र बघण्यासारखं होतं. तिचा पहिला इंटरव्ह्यू माझ्यापेक्षा वाईट. घाबरून ती एका दमात तीन तीन प्रश्न विचारत होती, कोण होतं, कुठे होतं, आणि मग तू काय केलंस, आणि कार्टून गप्प. कार्ड वाचल्यावर ती हसली, "अय्या, मी तर तिला बोलूच दिलं नाही," म्हणाली, आणि लगेच, "मॅडम, हेच कार्ड परत करू का?" मला राग आला तिचा. नंतर कळलं तो राग नव्हता.

पीएसआय मॅडम वेगळ्याच. त्या स्वच्छ म्हणाल्या, ताई, आमच्याकडे मला येत नाही म्हणणं परवडत नाही, आलेल्या माणसासमोर तर नाहीच आणि साहेबासमोर त्याहून नाही. कायद्याचं त्यांना सगळं पाठ. पोक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू, कलम २४ प्रमाणे जबाब मुलाच्या घरी नाहीतर त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, सब-इन्स्पेक्टरच्या खालच्या पदाची नको, आणि अंगावर युनिफॉर्म नको. म्हणजे कोणी, कुठे, कुठल्या कपड्यात हे सगळं आहे. "पण तिथे बसून पहिलं वाक्य काय बोलायचं ते कलमात कसं लिहिणार," त्या म्हणाल्या. "साडीत जाते मी, पण प्रश्न युनिफॉर्ममधलेच असतात." ही ओळ मी लिहून ठेवली आहे.

आणि मुख्याध्यापिका बाई. त्यांनी त्या कागदावर सगळीकडे अगदी छान छान आकडे दिले होते, माणूस शेवटपर्यंत शिकतो वगैरे, आणि घरचा ट्रान्सक्रिप्ट एकदाही करून आणला नाही. पोर खोटं बोलतंय का ते मला डोळ्यावरून कळतं, पस्तीस वर्षं घालवलीत वर्गात, हे त्यांचं पालुपद. मॅडम शांतपणे म्हणाल्या की यावर बरेच अभ्यास झालेत, आणि मुलांचं खोटं ओळखण्यात मोठी माणसं नाणं उडवण्यापेक्षा थोडीशीच बरी निघतात. बाईंना ते पटलं नाही. म्हणून म्हणते, कागदावर काय भरलं त्याला फार अर्थ नाही. अमेरिकेत नववीच्या बाराएक हजार मुलांवर मोठा प्रयोग झाला, २०१९ मध्ये छापून आला, त्यात सुद्धा माईंडसेटच्या छोट्या ऑनलाइन धड्याने फरक पडला तो छोटासा, तोही मुख्यतः मार्कात मागे असलेल्या मुलांना. जादू बिदू काही नाही. मी जे बघितलं त्यात फरक एकाच जागी पडत होता, फीडबॅक मिळाल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत माणूस काय करतो तिथे. वाद घालतो, हसण्यावारी नेतो, की पेन्सिल उचलतो.

दुसऱ्या सेशनला मी पेन्सिल उचलून गेले, आणि नवीनच घोळ केला. आता लाल प्रश्न एकही येऊ द्यायचा नाही असं ठरवलेलं, म्हणजे परत स्कोरच, फक्त उलट्या बाजूने. समोर बाळू, वय ५. मी आपली, "अजून सांग." तो काहीतरी सांगतो. "अजून सांग." परत. "अजून सांग." सरकारी रेकॉर्ड लावल्यासारखी. चौथ्या वेळेला बाळू म्हणाला, "मला घरी जायचंय." कार्डावर तसंच लिहिलेलं होतं म्हणे, मुलाचा एकही शब्द न उचलता तेच वाक्य तीनदा आलं की मूल उठणार. एकही लाल नाही, पूर्ण पान हिरवं, आणि हातात काही नाही. मी विचारलं, मॅडम, मग करायचं काय माणसाने? त्यांनी विचारलं, बाळू काय म्हणाला ते आठवतंय का. मला नाही आठवलं. मी माझे प्रश्न मोजत होते.

त्या रात्री नवऱ्याजवळ कुरकुर केली नाही. बहिणीचा मुलगा आला होता राहायला, सव्वापाच वर्षांचा, त्याला पकडलं. गुडघ्याला खरचटलेलं होतं. म्हटलं, हे काय झालं ते मला सगळं सांग. आणि गप्प बसले. मनात दहा आकडे मोजले, दहा म्हणजे किती लांब असतात ते करून बघा एकदा, सहाव्याला घशात प्रश्न येतो, पडलास का, कोणी ढकललं का. नाही विचारलं. नवव्याला तो म्हणाला, "काल ना, मी ना, काकांच्या गाडीवरून..." आणि सुरू झाला. पाच मिनिटं बोलला. त्यात काल म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतलं काल होतं, कारण त्यात किल्ला आला. पोरांना झालेलं सगळं काल असतं. आपलं मोठ्यांचं तरी काय, परवा म्हटलं की मागचं का पुढचं ते क्रियापदावरून ओळखायचं. आणि काका म्हणजे कोण? वडिलांचा भाऊ काका, शेजारचा काका, दुकानदार काका, रिक्षावाला काका, वॉचमन पण काकाच. आईने संशय घेतलेला काका आणि पोराच्या तोंडातला काका एकच असेल हे कशावरून? इंग्रजी पुस्तकातून आलेल्या कुठल्याही हँडआउटमध्ये हे सापडणार नाही, ते आपलं आपल्यालाच बघावं लागतं.

तिसऱ्या सेशनला हे उपयोगी पडलं. मुलगा सात वर्षांचा, पाठीवर वळ, आजी म्हणते ट्यूशनच्या सरांवर संशय आहे. आधी दोन मिनिटं साधं बोलले, आज सकाळी उठल्यापासून इथे येईपर्यंत काय काय केलंस ते सगळं सांग. त्याने मूल लांब उत्तर द्यायला सरावतं, ही पद्धत मायकेल लॅम्ब वगैरे संशोधकांनी बसवलेल्या इंटरव्ह्यूच्या नमुन्यात आहे. मग सांगितलं, मी तिथे नव्हते, मला काही माहीत नाही, तुला माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, मी चुकले तर मला सांग. मग विषय. तो म्हणाला, "त्यांनी मला मारलं."

त्यांनी. माझ्या जिभेवर "सरांनी का?" आलं होतं, खरंच आलं होतं, दातापर्यंत. कारण सरांना आपण त्यांनीच म्हणतो, आदराने. मी थांबले आणि म्हटलं, "त्यांनी मारलं म्हणालास. त्यांच्याबद्दल मला सांग." पार्टिशनच्या मागे टक् असा आवाज झाला, तेव्हा माहीत नव्हतं तो फासा आहे ते. "ते दोघं आठवीत आहेत," तो म्हणाला.

दोघं! आदराचं अनेकवचन नव्हतं, खरंच दोन माणसं होती. मी खुर्चीतल्या खुर्चीत हलले. आणि लगेच माती खाल्ली, इतका आनंद झाला की मी म्हटलं, "सरांनी काही केलं नाही ना मग?" ना. परत. तो हो म्हणाला की नाही म्हणाला याला काही अर्थच उरला नाही आता, आणि पुढे खरोखरच कार्डावर सरांचा एक तुकडा होता, ते सगळं बघून गप्प बसले होते, तो मला शेवटपर्यंत मिळाला नाही. एकूण प्रश्न २४, हिरवे १५, लाल १. तो एक.

पण या वेळी मी वाद घातला नाही. म्हणजे मनात आलं, एवढं चांगलं झालं ते बघा की आधी. मग मीच हसले. आणि अजून एक गंमत माझ्या लक्षात आली, की या वेळी मला कार्टून खोटं वाटलं नाही. चेहरा दिसत नाही याची तक्रार नाही, मांडीवर घेता येत नाही याची नाही. पहिल्या दिवशी याच चित्राला मी फालतू म्हटलं होतं.

शेवटच्या दिवशी मॅडमनी फासा दाखवला तेव्हा बाई म्हणाल्या, म्हणजे सगळं नशिबावरच की! मॅडम म्हणाल्या, लहान मुलाला हो-नाही विचारलं की आपण असाच फासा टाकत असतो, फक्त टक् ऐकू येत नाही. मग त्यांनी दोन जुनी प्रकरणं सांगितली. एक अमेरिकेतलं, कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीचं, १९८३ ला सुरू झालं आणि १९९० पर्यंत चाललं, शेकडो मुलांना बाहुल्या दाखवून, बाकीच्यांनी सांगितलं तू पण सांग असं करून करून विचारलं, आणि शेवटी एकाही आरोपावर शिक्षा झाली नाही. मुलांचं खरं काय होतं ते कोणाला कळायचा रस्ताच उरला नाही. दुसरा प्रयोग, लेक्टमन आणि सेसी यांचा, १९९५ चा. बालवाडीत एक माणूस दोन मिनिटं येऊन गेला, काही केलं नाही, पण आधी त्याच्या वेंधळेपणाच्या गोष्टी सांगितल्या आणि नंतर आठवडोन् आठवडे सूचक प्रश्न विचारले, तर तीन-चार वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांनी सांगितलं की त्याने पुस्तक फाडलं, नाहीतर टेडी खराब केला. पीएसआय मॅडम उलट्या बाजूने बोलल्या, आणि मला ते जास्त लागलं. म्हणाल्या, निर्दोष माणूस अडकतो तेवढंच नाही ताई, खरंच झालेलं असतं ना तेव्हा सुद्धा आपल्या असल्या प्रश्नांमुळे समोरचा वकील ते मूल फाडून खातो, आणि जो खरा असतो तो सुटतो. आमचे वकील साहेब खाली बघून पेन फिरवत होते.

कागद परत मिळाला. हातोटी उपजत असते, माझ्या हाताने केलेला गोल, पाच. मॅडमनी परत भरायला सांगितलं नाही. मी विचारलं भरू का, तर म्हणाल्या काय करायचंय, तुमचे ट्रान्सक्रिप्ट आहेत की माझ्याकडे.

हे सगळं होऊन आता आठ महिने झाले. मधे साधारण तीन महिने काहीच केलं नाही आम्ही, आपापल्या कामात, आणि मग एकदा एका शाळेत एका मुलीशी बोलून बाहेर आले आणि रिक्षात बसल्यावर आठवायला लागले की मी नक्की काय काय विचारलं, तर जे आठवलं ते सगळं ना ना ना. लॅम्ब यांच्या गटाने २००२ मध्ये हेच दाखवलं होतं, फीडबॅक चालू असेपर्यंत लोक चांगले प्रश्न विचारतात आणि तो बंद केला की घसरतात. वाचलं होतं, तेव्हा वाटलं होतं ते लोक घसरत असतील. मग मीच ग्रुपवर मेसेज टाकला की महिन्यातून दोन शनिवार भेटूया का, खऱ्या केसचं काही आणायचं नाही, नवीन कार्डं आपणच बनवायची आणि एकमेकांचं रेकॉर्डिंग रंगवायचं. पीएसआय मॅडमना बंदोबस्त नसेल तेव्हा येतात. वकील एकदाच आले. नवी पोरगी दर वेळेला येते आणि आता ती माझ्यापेक्षा चांगली आहे, हे लिहायला मला जेवढं जड जाईल वाटलं होतं तेवढं गेलं नाही, पण गेलं थोडं.

आणि बाई पण येतात, हे मला वाटलं नव्हतं. स्वतः इंटरव्ह्यू घ्यायला बसत नाहीत अजून, पण लाल पेन त्यांनी मागून घेतलं आहे, पस्तीस वर्षांची सवय. गेल्या शनिवारी माझं रेकॉर्डिंग होतं. संपल्यावर मी म्हटलं दोनच ना आले माझे, मी मोजलेत. बाईंनी चष्मा वर केला, वही माझ्याकडे फिरवली. चार होते.